टाके पिकले तर लपवू नका
गर्भवतीच्या शस्त्रक्रियेची जखम : उपचार, काळजी आणि दीनने दिलेली सवलत

भुसावळजवळचे दीपनगर औष्णिक विद्युत केंद्रामुळे वसले. केंद्राच्या वसाहतीत आणि फेकरी, निंभोरा, पिंप्रीसेकम या आसपासच्या गावांत नोकरीनिमित्त आलेली, कंत्राटी कामावर असलेली कितीतरी कुटुंबे राहतात. त्यांत आपलीही घरे आहेत. कोणाचे माहेर धुळ्याला, कोणाचे मालेगावला, कोणाचे बऱ्हाणपूरला. पती शिफ्टच्या ड्युटीवर जातो. घरात तरुण सून असते आणि सोबतीला फारसे कोणी नसते.

समजा, अशा एका घरात पाचव्या महिन्याच्या गर्भवतीला अपेंडिक्सचा त्रास झाला. ऑपरेशन चांगले झाले आणि ती घरी आली. सहाव्या दिवशी टाक्यांभोवती लाली आली, कपड्याला पिवळसर डाग लागू लागला. आता घरात प्रश्न सुरू होतात. डॉक्टरांकडे परत जावे का? अँटिबायोटिक घेतले तर बाळाला अपाय होईल का? फोनवर अम्मी हळद लावायला सांगते, शेजारची खाला शेक द्यायला सांगते. नमाजसाठी वुजू कसे करायचे? आणि डॉक्टर पुरुष असेल तर पोटावरची जखम दाखवायची कशी?

या प्रश्नांत दोन-चार दिवस सहज निघून जातात, आणि जखम हाताबाहेर जाते ती याच दिवसांत. म्हणून मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. गर्भावस्थेत पिकलेल्या जखमेवर सुरक्षित उपचार आहेत. योग्य औषधाने बाळाला जेवढा धोका असतो, त्याहून कितीतरी मोठा धोका उपचार न केलेल्या जंतुसंसर्गाने असतो. आणि ही जखम वेळेवर दाखवण्यात आपला दीन आड येत नाही.

गर्भावस्थेत ऑपरेशन का करावे लागते?

पोटात बाळ असताना ऑपरेशन म्हटले की घरातील सर्वांच्या छातीत धस्स होते. जी शस्त्रक्रिया थांबवता येते ती डॉक्टर बाळंतपणानंतरच करतात. पण काही आजार थांबत नाहीत. अपेंडिक्सला सूज येणे हे त्यातील सर्वांत नेहमीचे कारण. अपेंडिक्स पोटात फुटले तर आई आणि बाळ दोघांनाही गंभीर धोका असतो, म्हणून तेथे वाट पाहणे चुकीचे ठरते. पित्ताशयातील खड्यांमुळे वारंवार होणारा त्रास, अंडाशयाच्या गाठीला पडलेला पीळ, अडकलेला हर्निया, स्तनातील गळू, अपघातात मोडलेले हाड या कारणांनीही गर्भवतीला ऑपरेशनच्या टेबलावर जावे लागते. थोडे थांबता येण्यासारखे असेल तर चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात सोयीचा मानतात.

याशिवाय सिझेरियन आहेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात शंभरपैकी सुमारे २५ बाळंतपणे सिझेरियनने झाली, म्हणजे दर चार घरांपैकी एका घरात टाक्यांची काळजी घेण्याची वेळ येते. गर्भावस्थेतील ऑपरेशन असो की सिझेरियन, टाके पिकण्याची कारणे आणि लक्षणे बरीचशी सारखीच आहेत. फरक औषधाच्या निवडीत पडतो. एकीत बाळ पोटात असते, दुसरीत ते आईच्या दुधावर असते.

जखम पिकते ती का?

आपल्या त्वचेवर जंतू नेहमीच असतात. अखंड त्वचा त्यांना आत येऊ देत नाही. शस्त्रक्रियेत ही भिंत उघडली जाते. ऑपरेशन थिएटरमधील स्वच्छता, निर्जंतुक हत्यारे आणि चीर देण्यापूर्वी दिलेले अँटिबायोटिकचे इंजेक्शन यांमुळे बहुतेक जखमा विनात्रास भरतात. तरीही काही पिकतात. प्रत्येक वेळी त्यात कोणाचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. फुटलेल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये पू पोटात आधीच पसरलेला असतो, त्यामुळे तेथे धोका मुळातच जास्त असतो.

गर्भवतीच्या बाबतीत आणखी काही गोष्टी भर घालतात. वाढत्या पोटामुळे त्वचा ताणली जाते आणि टाक्यांवर ताण येतो. पोटाच्या घडीत घाम साचतो. गर्भावस्थेत काही स्त्रियांची साखर वाढते, आणि वाढलेली साखर जंतूंना पोषक ठरते. अंगात रक्त कमी असेल तर जखमेपर्यंत प्राणवायू कमी पोहोचतो आणि ती हळू भरते. वरील सर्वेक्षणात महाराष्ट्रातील जवळजवळ निम्म्या गर्भवतींमध्ये रक्ताचे प्रमाण कमी आढळले होते. वजन जास्त असणे हेही एक कारण. तसेच तंबाखू आणि मिशरी. मिशरीला कोणी व्यसन समजत नाही, पण तीही तंबाखूच. त्यातील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि जखम भरायला वेळ लागतो.

म्हणून ऑपरेशन होणार असेल तर साखर आणि हिमोग्लोबिन तपासलेले असावे. गर्भावस्थेतील मधुमेहासाठी आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह समजून पुढील उपचार करतात. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर गर्भवतीला रक्तक्षय आहे असे मानतात. जखम भरत नसेल तेव्हाही या दोन तपासण्या पुन्हा करून पाहाव्या लागतात.

ओळखायचे कसे?

पहिले दोन-तीन दिवस जखमेच्या कडेला थोडी लाली, थोडी सूज, थोडे दुखणे असतेच. ते दिवसागणिक कमी होत जायला हवे. कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढू लागले तर तो पहिला इशारा समजावा. संसर्ग बहुधा चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान दिसतो, पण ३० दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतो. तोपर्यंत रोज एकदा चांगल्या उजेडात जखम पाहावी. पोट मोठे असेल तर स्वतःला खालची जखम दिसत नाही. अशा वेळी आरसा धरावा, किंवा पतीने, आईने, सासूने पाहावी.

पुढीलपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे :

- टाक्यांभोवतीची लाली पसरत जाणे, हाताला गरम लागणे, कडक सूज येणे
- पू येणे, घाण वास येणे, किंवा पातळ पाणी सुटत राहणे
- एखादा टाका उसवणे, जखमेच्या कडा उघडणे
- अंगात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, थंडी वाजणे

आणि पुढील लक्षणे दिसली तर सकाळची वाट न पाहता रात्रीसुद्धा रुग्णालय गाठावे : ऑपरेशननंतर पहिल्या दोन दिवसांतच तीव्र ताप आणि जखमेत असह्य दुखणे, जखमेभोवतीची त्वचा काळी-निळी पडणे किंवा तिच्यावर फोड येणे, धाप लागणे, छातीत खूप धडधडणे, बडबडणे किंवा गुंगी येणे, लघवी कमी होणे, बाळाची हालचाल कमी वाटणे, पोटात कळा येणे, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे. संसर्ग रक्तात पसरला की आईची प्रकृती काही तासांत ढासळू शकते, आणि तापामुळे वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात.

एक बाब घरच्यांनी विशेष लक्षात ठेवावी. गर्भावस्थेत थकवा, धडधड, थोडी धाप या गोष्टी एरवीही होतात. त्यामुळे "या दिवसांत असे होतेच" म्हणून सोडून देण्याकडे कल असतो. रक्तातील पांढऱ्या पेशीही गर्भावस्थेत मुळातच वाढलेल्या असतात, म्हणून केवळ एका रिपोर्टवरून डॉक्टरही निर्णय घेत नाहीत. ते जखम उघडून पाहतात आणि आईची नाडी, ताप, रक्तदाब, श्वास मोजतात. रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवून भागत नाही, रुग्णाला समोर न्यावे लागते.

डॉक्टर काय करतात?

पिकलेल्या जखमेचा खरा उपचार म्हणजे आत कोंडलेल्या पुवाला वाट करून देणे. हे तत्त्व फार जुने आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी अंदलुसमधील कुर्तुबा येथे अबुल कासिम अल-जहरावी हे शल्यचिकित्सक होऊन गेले. त्यांच्या 'अत-तसरीफ' या ३० भागांच्या ग्रंथातील शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर असून त्यात हत्यारांची चित्रे आहेत. त्यांनी एका स्त्रीची हकिकत नोंदवली आहे. तिचे बाळ पोटातच दगावले होते. बऱ्याच काळानंतर तिच्या बेंबीजवळ सूज आली, ती फुटून पू वाहू लागला आणि त्यातून लहान हाडे बाहेर आली. अल-जहरावींनी विचार करून ती हाडे त्या बाळाची असल्याचे ओळखले, उरलेली हाडे काढली आणि ती स्त्री जगली. तेव्हा ना भूल होती, ना अँटिबायोटिक. आज आपल्याकडे दोन्ही आहे.

आजची पद्धत अशी. जखमेचा जेवढा भाग पिकला आहे तेथील टाके काढतात. पू बाहेर काढून सलाईनने जखम धुतात, मेलेला भाग असेल तर तो काढतात. ती जागा बधिर करण्यासाठी दिले जाणारे लिग्नोकेनचे इंजेक्शन गर्भवतीला चालते. पाचव्या महिन्यानंतर सरळ उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून चक्कर येते, म्हणून ड्रेसिंगच्या वेळी डावीकडे किंचित कुशीवर झोपवतात. तसे झोपवले नाही तर आपण आठवण करून द्यावी.

पुवाचा नमुना तपासणीला पाठवतात. त्यातून कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणते औषध लागू पडते हे दोन-तीन दिवसांत कळते. शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी हा नमुना घेतलेला बरा. म्हणूनच मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊन मग डॉक्टरांकडे जाणे नुकसानीचे ठरते. संसर्ग खोलवर असल्याची शंका आली तर सोनोग्राफी करतात, ती बाळाला सुरक्षित आहे.

काढलेले टाके बहुधा लगेच पुन्हा घालत नाहीत. जखम उघडी ठेवून रोज ड्रेसिंग करतात आणि ती तळापासून वर भरत येते. उघडी जखम पाहून घरचे घाबरतात, "डॉक्टरांनी काम बिघडवले" असा समज होतो. पण आत पू ठेवून वरून शिवलेली जखम पुन्हा फुटतेच. दोन ते सहा आठवडे लागले तरी तळापासून भरलेली जखम टिकाऊ असते.

कोणते औषध चालते, कोणते नाही?

जखम वरवर पिकली असेल, ताप नसेल, लाली पसरत नसेल, तर कित्येकदा पू काढणे आणि ड्रेसिंग एवढ्यावरच भागते. लाली पसरत असेल किंवा ताप असेल तर अँटिबायोटिक आवश्यक ठरते.

पेनिसिलिन गटातील औषधे, उदाहरणार्थ अॅमॉक्सिसिलिन, आणि सेफॅलेक्सिनसारखी सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे गर्भावस्थेत अनेक दशके वापरली जात आहेत आणि सुरक्षित मानली जातात. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर क्लिंडामायसिनसारखा पर्याय असतो. अशी अॅलर्जी पूर्वी आली असेल तर ती फाईलवर ठळक लिहून घ्यावी.

डॉक्सिसायक्लिन आणि टेट्रासायक्लिन टाळतात, कारण त्यांमुळे बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधे सहसा देत नाहीत. स्ट्रेप्टोमायसिनमुळे बाळाच्या ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. सल्फाची को-ट्रायमॉक्झाझोल ही गोळी पहिल्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणाच्या तोंडावर टाळतात. संसर्ग जिवावर बेतणारा असेल तर तज्ज्ञ डॉक्टर लाभ आणि धोका तोलून एरवी टाळले जाणारे औषधही देऊ शकतात. तो निर्णय त्यांचाच.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या, विशेषतः २० आठवड्यांनंतर, घेऊ नयेत. त्यांचा बाळाच्या मूत्रपिंडावर आणि भोवतीच्या पाण्यावर परिणाम होतो. अंगदुखीच्या अनेक नेहमीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर यांपैकी एक औषध मिसळलेले असते. म्हणून पाकिटावरचे नाव वाचावे आणि दुकानदाराला गर्भवतीसाठी गोळी हवी असल्याचे स्पष्ट सांगावे. आयोडीनचे लाल-तपकिरी औषध उघड्या जखमेवर स्वतःच्या मनाने दिवसेंदिवस लावू नये. आयोडीन शरीरात शोषले जाऊन बाळाच्या थायरॉइडवर परिणाम करू शकते.

ज्या गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेषा असते ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत. अर्धवट सोडलेला आणि चुकीचा डोस जंतूंना निर्ढावतो आणि पुढच्या वेळी तेच औषध निरुपयोगी ठरते. दिलेला कोर्स सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यावा. बाळंतीण असाल तर बहुतेक अँटिबायोटिकबरोबर स्तनपान चालू ठेवता येते, न विचारता बाळाचे दूध तोडू नये. धनुर्वाताची टीडीची लस गर्भावस्थेत घेतली आहे ना, हेही कार्डावर पाहावे.

हदीसमधला तो जखमी सहाबी

आता वुजू आणि गुस्लचा प्रश्न. जखम ओली होऊ नये असे डॉक्टर सांगतात, आणि नमाज चुकू नये ही आपली तळमळ असते. काही भगिनी डॉक्टरांचे न ऐकता पट्टी काढून जखमेवर पाणी घेतात, तर काही नमाजच सोडून देतात. दोन्हींची गरज नाही.

अबू दाऊदच्या हदीस संग्रहात हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली एक घटना आहे. एका प्रवासात एका सहाबींच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्यांच्यावर गुस्ल आवश्यक झाले. त्यांनी सोबत्यांना विचारले की, मला तयम्मुमची सवलत आहे का? सोबत्यांनी सांगितले, पाणी मिळत असताना सवलत नाही. त्यांनी गुस्ल केले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. ही बातमी प्रेषित मुहम्मद (स.) यांना समजली तेव्हा ते अतिशय नाराज झाले. त्या लोकांनीच त्याचा जीव घेतला असे त्यांनी म्हटले, आणि माहीत नसेल तर विचारावे, अज्ञानावरचा इलाज विचारण्यातच आहे, अशा आशयाची शिकवण दिली.

चौदाशे वर्षांपूर्वीची ही घटना आजच्या आपल्या घरांनाही लागू पडते. जखमीला पाणी घ्यायला लावणारे ते लोक वाईट नव्हते. त्यांना माहीत नव्हते आणि त्यांनी विचारले नाही, एवढीच त्यांची चूक होती.

फिक्हमध्ये जखमेच्या पट्टीवर ओला हात फिरवण्याची, म्हणजे मसह करण्याची सवलत आहे. बाकीचे अवयव धुवावेत आणि पट्टीवर मसह करावा. मसहनेही अपाय होण्यासारखा असेल किंवा पाणी वापरणेच हानिकारक असेल तर तयम्मुमची वाट आहे. पोटावरच्या टाक्यांना तर रोजच्या वुजूत पाणी लागतच नाही, प्रश्न येतो तो गुस्लच्या वेळी. रुकू-सज्द्याने टाक्यांवर ताण येत असेल तर बसून, इशाऱ्याने नमाज अदा करता येते. जखमेतून सतत स्राव येत असेल तर त्यासाठीही मअजूरचे नियम आहेत. तपशिलात मस्लकनुसार थोडा फरक असतो, तो आपल्या मशिदीच्या आलिमांना विचारून घ्यावा.

रमजानमध्ये हीच गोष्ट रोजांची. कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजारी व्यक्तीला रोजे पुढे ढकलण्याची सवलत दिली आहे, आणि गर्भवतीसाठीही हदीसमध्ये सवलत आहे. वेळेवर गोळ्या, पुरेसे पाणी आणि पोटभर आहार यांशिवाय जखम भरत नाही. घरच्यांनी "एवढे तर सगळ्याच करतात" असे बोलून तिला अवघडून टाकू नये.

पडदा आणि तपासणी

स्त्रिया आपला आजार दाखवत नाहीत, ही केवळ आपल्या समाजाची गोष्ट नाही. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांमध्ये एखादा तरी स्त्रीरोग आढळला, पण पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. बाकीच्या स्त्रिया मुकाट्याने सोसत होत्या.

आपल्याकडे या मुकाट्याने सोसण्याला कधीकधी पडद्याचे नाव दिले जाते. पण प्रेषितांच्या काळातील उदाहरण वेगळे आहे. खंदकच्या युद्धात हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताच्या नसेला बाण लागला. तेव्हा प्रेषितांनी त्यांच्यासाठी मस्जिदे नबवीच्या आवारातच तंबू ठोकायला लावला, म्हणजे जवळून त्यांची विचारपूस करता येईल. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) या सहाबियांकडे त्यांची देखभाल सोपवली होती. एक स्त्री एका पुरुषाच्या जखमेवर मलमपट्टी करते आणि तेही मशिदीच्या आवारात, कारण तेथे उपचाराची गरज होती.

उपचाराच्या गरजेपुरते, गरजेच्या जागेपुरते अंग डॉक्टरांना दाखवण्याची शरीअतमध्ये परवानगी आहे. स्त्री डॉक्टर उपलब्ध असेल तर तिलाच दाखवावे, तशी विनंती करण्यात संकोच नको. नसेल तर नर्स किंवा घरची स्त्री सोबत असावी आणि फक्त जखमेचा भाग उघडावा. पण स्त्री डॉक्टर परवा येणार म्हणून ताप अंगावर काढणे हा पडद्याचा अर्थ नाही. पतीनेही येथे पुढाकार घ्यावा. "चल, मी सोबत येतो" हे त्याचे एक वाक्य पुष्कळ संकोच दूर करते.

घरातील काळजी

जखमेला हात लावण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठी काळजी. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षी एप्रिलमध्ये शंभरपैकी सुमारे १८ बाळंतिणी तापाने दगावत होत्या, काही आठवड्यांतच ते प्रमाण दोनच्या आसपास आले.

हळद, तेल, तूप, राख, चुना, टूथपेस्ट, मेडिकलमधील पावडर यांपैकी काहीही उघड्या जखमेवर लावू नये. हळद दुधात घ्यायची तर घ्या, टाक्यांवर नको. चिल्ल्याच्या दिवसांतील शेक आणि धुरी टाक्यांजवळ नेऊ नये. बधिर झालेल्या त्वचेला चटका कळत नाही आणि घामाने जखम ओली राहते.

खान्देशचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा दिवसांत पोटाची घडी स्वच्छ सुती कापडाने हलकेच टिपून कोरडी ठेवावी, सैल सुती कपडे घालावेत, कमरेची नाडी जखमेवर येऊ देऊ नये. दीपनगर परिसरात उडणारी राख-धूळ लक्षात घेता ड्रेसिंग खिडकी-पंख्याच्या झोतात उघडू नये, आणि अंथरुणावरील चादर वरचेवर बदलावी. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आंघोळ करताना जखम चोळू नये, आंघोळीनंतर ती टिपून कोरडी करावी. खोकताना किंवा उठताना जखमेवर उशी धरावी. जड हंडा, गॅसची टाकी, मोठे मूल उचलू नये, पण दिवसभर पडूनही राहू नये. घरातल्या घरात चालण्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो.

जखम भरायला प्रथिने लागतात. अंडी, मासे, मटण-चिकन, दूध, डाळी, हरभरे, शेंगदाणे यांपैकी घरात जे असेल ते रोज असावे. लिंबू, आवळा, पेरू, शेवग्याची पाने आणि हिरव्या भाज्या याच भागात मिळतात. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची पद्धत सोडावी. रक्तवाढीच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, चहामुळे लोह अंगी लागत नाही. मधुमेह असेल तर शिरा, लाडू, गुळाचे पदार्थ डॉक्टरांना विचारूनच द्यावेत.

कुठे जावे?

शक्य असेल तर जेथे ऑपरेशन झाले तेथेच आधी दाखवावे, कारण त्यांच्याकडे सर्व नोंदी असतात. शल्यचिकित्सक आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनीही पाहणे चांगले. डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत कायम तयार ठेवावीत. दीपनगरकरांना भुसावळ जवळ आहे. गंभीर रुग्णासाठी जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. धुळे जिल्ह्यातील भगिनींसाठी धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

पैशांअभावी कोणी थांबू नये. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात गर्भवती आणि बाळंतिणीला सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि वाहन मोफत मिळते. गर्भावस्थेतील आणि बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीही नंतर त्यात समाविष्ट झाल्या. गर्भवतीच्या वाहनासाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ हे क्रमांक आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टरांकडून तपासणी होते. बाळंतपणानंतर आशाताई घरी बाळाला पाहायला येतात, त्या वेळी बाळाबरोबर आईचे टाकेही दाखवावेत. यावल-रावेर-चोपड्याकडील तडवी वस्त्यांत रुग्णालय दूर पडते, तेथे तर आशाताईंशी संपर्क आधीपासूनच असावा.

मोहल्ल्यातील भगिनींच्या साप्ताहिक इज्तिमात हा विषय एकदा तरी घ्यावा. एखाद्या डॉक्टर भगिनीला बोलवावे. पट्टीवर मसह कसा करायचा हे आलिमांकडून समजून घ्यावे. सासवा आणि पती यांनीही ते ऐकावे, कारण घरात निर्णय बहुधा त्यांचाच असतो. ज्या घरी पती रात्रपाळीला असतो त्या घरच्या गर्भवतीने रात्री कोणाचे दार वाजवायचे, हे शेजाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवावे. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये मोठा आहे.

अल्लाहने प्रत्येक आजारावर इलाज ठेवला आहे, हे प्रेषितांनी आपल्याला शिकवले. तो शोधणे आणि वेळेवर घेणे आपल्या हाती आहे, शिफा त्याच्या हाती आहे. सर्व गर्भवती भगिनींना आणि त्यांच्या बाळांना अल्लाह आरोग्य आणि सलामती देवो. आमीन.